माहीत असणं म्हणजे वाइट

जर्मन शिकायला बसलं की लवकरच एक नियम गळ्यात पडतो: वर्तमानकाळात कर्ता 'तो' असला की क्रियापदाच्या शेवटी 'ट' लावायचा. एर कॉम्ट (तो येतो), एर माख्ट (तो करतो). मग 'त्याला माहीत आहे' म्हणायची वेळ येते आणि हा 'ट' गायब! एर वाइस. बस्स. अपवाद आहे, पाठ करा, असं सांगितलं जातं.

मला अपवाद आवडतात. नियमात बसणारी क्रियापदं एकसारखी झालेली असतात. जुना माल सापडतो तो अपवादांत. 'वाइस'चा माग काढत चौथ्या शतकातल्या गॉथिक (जर्मनची एक मृत नातलग भाषा) बायबलपर्यंत गेलं, की 'मला माहीत आहे' म्हणजे 'वाइट' (वाईट नव्हे!) आणि 'आम्हाला माहीत आहे' म्हणजे 'वितुम'. त्यामागची आदिजर्मानिक, म्हणजे जर्मन, इंग्रजी, गॉथिक या जर्मानिक भाषांची आई, कुणी लिहून ठेवलेली नाही. बहिणी-बहिणी भाषा ताडून अभ्यासकांनी तिची रूपं उभी केली. ती छापताना आधी एक तारा देतात, हे रूप प्रत्यक्षात सापडलेलं नाही म्हणून.

आता याच भाषांचं दूरचं नातलग, आपलं संस्कृत घ्या: वेद (मला माहीत आहे), विद्म (आम्हाला माहीत आहे). वाइट, वितुम. 'द'चा 'ट' होणं हा जर्मानिक भाषांचा खाक्याच, 'दश'चा इंग्रजीत 'टेन' झाला तसा. परीकथावाल्या याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हा हिशेब नीट मांडला.

खरी गंमत अर्थात आहे. 'वेद'चा धातू विद्, म्हणजे मुळात पाहणे. 'वेद'ची ठेवण भूतकाळाची. पाहिलं, म्हणून आता माहीत आहे. 'वेद' वर्तमानात चालतं हे सांगायला पाणिनीलाही 'विदो लटो वा' हे वेगळं सूत्र लिहावं लागलं. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. पोटात कावळे आत्ता ओरडत असतात, पण आपण म्हणतो 'भूक लागली'.

तो 'ट' वर्तमानकाळाचा. भूतकाळी ठेवणीच्या 'वाइस'ला तो लागणार कसा? इंग्रजीत 'ही कॅन'ला 'एस' नसतो तो याच कारणाने. 'ही कॅन्स' लिहून वहीत लाल रेघ ओढून घेणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही. आणि 'कॅन'चं मूळ तर आपल्या 'ज्ञा'चं, 'जाणणे'चं.

'वाइस'चं इंग्रजीतलं भावंड असलेलं जुनं क्रियापद इंग्रजीने जवळजवळ मोडीत काढलं. त्यापासूनचा 'विटनेस' मात्र टिकला. त्याचा मूळ अर्थ नुसता 'ज्ञान'. पुढे साक्ष, मग साक्ष देणारा माणूस. कोर्टात त्याला विचारतात ते मात्र, काय पाहिलंत? आणि आपल्या 'साक्षी'त तर 'अक्षि', म्हणजे डोळाच बसलेला आहे.