बिबड्यांची वही

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधीचा महिना म्हणजे आमच्याकडे धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, पाय ठेवायला जागा नसते, पापड, कुरडया, शेवया, बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, सगळ्यांच्या घरी तेच चालू. मी चार वर्षांपासून अमळनेरला ह्याच गोष्टी विकते, आणि चार वर्षांपैकी तीन वर्षं घरच्यांच्या लेखी मी काहीच करत नव्हते.

म्हणजे विरोध कोणाचा नव्हता बरं का. विरोध असता तर भांडता तरी आलं असतं. जाऊबाई शाळेत शिक्षिका आहेत, त्या दहाला गेल्या की पाचपर्यंत त्यांना कोणी फोनसुद्धा करत नाही. आणि माझं काय, गॅस सिलेंडरवाला आला, बँकेत पासबुक भरायचंय, पाहुणे आले, सगळ्याला सासूबाईंचं एकच वाक्य, "ती घरमाच ते शे." म्हणजे ती घरीच तर आहे.

बिबड्यांचं काम ज्याने केलंय त्यालाच कळेल. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, मग तीळ, लसूण, मिरची, जिरं घालून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा, हात एकसारखा हलता ठेवावा लागतो, आणि ऊन चढायच्या आत ओल्या कापडावर थापून मोकळं व्हायचं कारण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे अकरानंतर धाब्यावर उभं राहवत नाही. एकदा घाटा चुलीवर असताना ह्यांचे मित्र आले, "जरा चहा टाक ना", मी टाकला, तेवढ्यात खाली लागलं. आठ किलोचा घाटा. जळका वास सगळ्या घाट्याला. ह्यांनी विचारलं, "एवढं काय झालं रडायला, परत कर." त्या दिवशी मला कळलं की ह्यांना खरंच माहीत नाहीये त्या पातेल्यात किती पैसे होते. आणि खरं सांगायचं तर मलाही नक्की माहीत नव्हतं.

मग वही घातली. ज्वारी, तीळ, गॅस, पाकिटं, शेजारच्या दोघी थापायला येतात त्यांची मजुरी, सगळं. घरातून नातेवाईकांना जाणारी पाकिटंसुद्धा लिहायला लागले, कोणाचं नाव न घेता, फक्त "घरी दिले". त्या हंगामात नुसते "घरी दिले"चेच 11 किलो निघाले, 280 च्या भावाने 3,080 रुपये. ह्यांना वही दाखवली तर बराच वेळ पानं उलटत बसले. हेच आमचे हे प्रत्येक पाहुण्याला अभिमानाने सांगतात की 1945 साली आपल्या अमळनेरात तेलाचा कारखाना निघाला त्याचीच पुढे विप्रो झाली, मग घरातला धंदा तेवढा दिसला नाही!

कागदंही केली. अन्न परवान्याची, म्हणजे एफएसएसएआयची छोट्या धंद्याची नोंदणी मी केली तेव्हा वर्षाला 100 रुपये फी होती, आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, ती तर फुकट होते, सरकारी साइटवर आधार नंबर टाकून. एका कॅफेवाल्याने मला त्याचे 1,500 सांगितले होते, देऊ नका कोणी. पाकिटावर एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर आला तेव्हा सासऱ्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. बँकेत खातंही वेगळं काढलं, दुधाचं बिल आता त्यातून जात नाही.

पण खरा बदल झाला तो वेगळ्याच गोष्टीने. वहीत मजुरी लिहिताना एकदा लक्षात आलं की मीठ-तिखटाचा अंदाज सासूबाईंचा, कापड काढायची वेळ त्यांची, पहाटे माझ्या आधी धाब्यावर त्या, आणि त्यांच्या नावापुढे काहीच नाही. चाळीस वर्षं त्यांनी ह्याच बिबड्या फुकट केल्या, अख्ख्या भाऊबंदकीला पुरवल्या. "ती घरमाच ते शे" हे त्यांनाही कोणीतरी म्हटलंच असणार ना. महिनाअखेरीला शेजारणींचे पैसे दिले तेव्हा त्यांच्याही हातात त्याच हिशोबाने पाकीट ठेवलं. म्हणाल्या, "या कसाना पैसा शेत व?" मी म्हटलं, तुमची मजुरी. घ्यायला तयार नव्हत्या. मग आत गेल्या, परत आल्या, मोजले, आणि म्हणाल्या मंगळवारी मी दोन तास जास्त बसले होते.

वही काढून तेही लिहिलं.

ह्या आखाजीला माझी नणंद आली, नेहमीसारखी पिशवी घेऊन धाब्यावर गेली, तर खाटेवर बसलेल्या सासूबाईंनी तिथूनच विचारलं, किती किलो पाहिजे, भाव वहिनीला विचार.