स्कॅनर बोलेना, म्हणून ईसीएम गेला?

"ईसीएम गेलाय, बदलायला लागतोय." ईसीएम म्हणजे गाडीच्या इंजिनाचा कॉम्प्युटर. उद्यमनगरातल्या एका गॅरेजात आज दोष शोधणारा स्कॅनर त्याच्याशी बोलेना, एवढ्यावर निकाल!

अहो, आधी फ्यूज आणि मेन रिले तरी बघा. मग मल्टिमीटरची एक पिन ईसीएमच्या अर्थिंग वायरला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून स्टार्टर मारा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं की अर्थिंग खराब. या गाडीत बोल्टाखालच्या थिंबलवर, म्हणजे वायरच्या टोकाच्या कडीवर, हिरवा गंज चढलेला. आपल्या पावसाची कृपा!

सेन्सरची ५ व्होल्टची लाइनही तपासायची. एक सेन्सर शॉर्ट झाला तरी सगळ्या लाइनचा व्होल्टेज बसतो. एकेका सेन्सरचा कपलर (वायरचा प्लग) काढत जायचं, कुठला काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात ते बघायचं.

आणि जुना ईसीएम आणून टाकलात, तर इमोबिलायझरला (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला) किल्ली जुळवावी लागते, बऱ्याच डिझेल गाड्यांत इंजेक्टरचे, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या भागांचे, कोडही भरावे लागतात. हे आधी कोण सांगतंय?