नंदगडच्या माळ्यावरची पेटी

खानापूरकडची जुनी कौलारू घरं उतरवायला लागले की मला फोन येतो. जुन्या लाकडी सामानाचा माझा धंदा, पण जीव रमतो तो मिलिटरीच्या पेट्यांत. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, गावोगावी पेन्शनर. त्यामुळे माळ्यावर बियाण्याची म्हणून ठेवलेली पेटी कधीकधी थेट दुसऱ्या महायुद्धातली निघते.

नंदगडच्या त्या घरात पेटी अंगणात आणून ठेवली होती. हिरवा रंग उडालेला, दोन्ही बाजूंना दोराच्या मुठी. मी आधी झाकण उघडत नाही. ओलसर फडक्यानं धूळ टिपतो आणि बॅटरीचा उजेड तिरका पाडून अक्षरं शोधतो. पहिल्यांदा बाण दिसला, ब्रिटिश सरकारी मालाचा. बाणाखाली इंग्रजी 'आय' असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा, आणि इथे तो होता. मग हळूहळू आकडा उमटला : ३६, पुढे 'एम'.

बंदुकीच्या .३०३ गोळ्यांच्या पेट्या मी बऱ्याच पाहिल्यात. ही हातबॉम्बची होती! ३६ नंबरचे मिल्स बॉम्ब, एका पेटीत बारा. 'एम' म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. तिकडच्या हवेत आतली दारू खराब होऊ नये म्हणून लाखेनं सांधे बंद केलेला प्रकार. मराठा रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत हातबॉम्ब फेकून शत्रूच्या मशिनगनवर एकटे धावून गेले आणि त्याच लढाईत पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशी पेटी समोर आली की मला ते आठवतातच.

पण आनंदाआधी काळजी. हे बॉम्ब डिटोनेटर, म्हणजे स्फोट सुरू करणारा छोटा भाग, बसवून पाठवत नसत. डिटोनेटर त्याच पेटीत, वेगळ्या गोल पत्र्याच्या डब्यात असायचे. पेटी रिकामी दिसली तरी माझा पहिला प्रश्न त्या डब्याचा.

"काकू, ह्यात एक गोल डबा होता काय ओ?"

"हाय की. आत देवळीत ठेवलाय. मामंजींनी कुणाला हात लावू दिला न्हाई. गंजलाय, झाकणच निघंना."

नातू आणायला पळाला. मी एवढ्या जोरानं ओरडलो की तो उंबऱ्यावरच थिजला.

दारूगोळा जुना झाला म्हणून निकामी होत नाही. गंजलेल्या डिटोनेटरला तर धक्काही पुरतो. चूल विझवायला लावून सगळ्यांना बाहेर काढलं, शेजारच्या घरातली माणसंही हलवली आणि पोलिसांना फोन लावला. काकू चिडल्या. इतकी वर्षं त्या देवळीत रोज दिवा लावत होत्या, त्यांना पटणार कसं? मामंजींनी मात्र जाणूनच सगळ्यांना दूर ठेवलं असणार, असं मला वाटतं.

बॉम्बनाशक पथक आलं तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांनी डबा उघडलाच नाही. गावाबाहेर माळावर नेऊन उडवला. आवाज घरापर्यंत आला, तेव्हा काकूंनी नातवाचा दंड घट्ट धरला.

पंचनाम्यानंतर पेटी तपासून परत मिळाली. काकूंचा मुलगा म्हणाला, "पॉलिश मारून देतो." नको म्हटलं. रंग खरवडला की आकडा जातो, आणि आकडा गेला की ती कुठलीही पेटी. मी भाव सांगितला, पण काकूंनी मान हलवली. "मामंजींची हाय. बियाणं त्यातच ऱ्हाईल."

मी आग्रह धरला नाही. अक्षरांचे फोटो काढून घेतले आणि बेळगावची बस धरली.