विणीच्या पक्ष्यांच्या नोंदी: दुसऱ्या फेरीचा वृत्तांत

आमच्या वाट्याला आलेल्या एक चौरस किलोमीटरच्या चौकटीतली या विणीच्या हंगामातली दुसरी फेरी गेल्या रविवारी पूर्ण झाली. दोन फेऱ्या मुद्दाम ठेवतात, कारण लवकर वीण उरकणारे पक्षी पहिल्या फेरीच्या वेळी गात असतात आणि दुसरीपर्यंत गप्प झालेले असतात, तर उशिरा जोड्या जमवणारे पक्षी दुसऱ्या फेरीतच हाती लागतात.

पद्धत आम्ही ब्रिटनमध्ये १९९४ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालत आलेल्या सर्वेक्षणावरून घेतली आहे. चौकटीतून साधारण समांतर अशा एकेक किलोमीटरच्या दोन रेषा चालायच्या, प्रत्येक रेषेचे २०० मीटरचे पाच टप्पे करायचे आणि दिसलेला किंवा ऐकू आलेला प्रत्येक प्रौढ पक्षी रेषेपासून २५ मीटरच्या आत होता, २५ ते १०० मीटरमध्ये होता की त्याहून दूर, हे लिहायचे. नुसत्या डोक्यावरून उडत गेलेल्या पक्ष्यांचा रकाना वेगळा असतो. अंतराचा हा खटाटोप नवख्यांना निरर्थक वाटतो, परंतु लांबचे पक्षी नजरेतून आणि कानांतून किती निसटतात याचा हिशेब पुढे त्यावरूनच मांडता येतो.

उजाडताच पहिल्या टप्प्यावर उभे राहिलो. वारा नव्हता, आणि हे महत्त्वाचे, कारण पानांची सळसळ सुरू झाली की शिंपी आणि वटवट्यांचे आवाज त्यात विरून जातात. तारेवरचा दयाळ पहिल्या फेरीतही याच तारेवर गात होता. पक्षी इथे वीण करतो का, याचा पुरावा ‘शक्य’, ‘संभाव्य’ आणि ‘निश्चित’ अशा तीन पायऱ्यांत लिहितात. योग्य अधिवासात एकदाच गाताना आढळलेला नर म्हणजे ‘शक्य’ वीण. आठवड्याहून अधिक अंतराने तोच त्याच जागी गाताना आढळला, तर हद्द धरली असे समजून नोंद ‘संभाव्य’वर चढते. ‘निश्चित’ लिहायला मात्र वापरातले घरटे, नुकतीच उडू लागलेली पिल्ले किंवा पिल्लांसाठी चारा नेणारा पक्षी असा पुरावा लागतो.

इथेच माझी चूक झाली. चोचीत अळी धरलेला बुलबुल पाहून मी घाईने ‘निश्चित’ लिहिले, आणि दुसऱ्याच क्षणी त्याने ती स्वतःच गिळली. खोडून पुढे गेलो. चारा चोचीत धरून पक्षी तसाच थांबतो आहे, इकडेतिकडे पाहतो आहे आणि पुनःपुन्हा एकाच झुडपाकडे जातो आहे, असे दिसले तरच ती खूण धरावी. त्याहून पक्की खूण म्हणजे पिल्लाच्या विष्ठेची पांढरी पिशवी चोचीत घेऊन बाहेर पडणारा पक्षी. दुसऱ्या रेषेच्या तिसऱ्या टप्प्यावर दयाळाची मादी अशीच भिंतीच्या भोकातून बाहेर पडली, आणि भोकाजवळ न जाता काम झाले. सुगरणीच्या बाबतीत उलट सावधगिरी हवी. नर एकाहून अधिक घरटी विणायला घेतो आणि मादीला पसंत न पडलेली अर्धवट सोडतो, त्यामुळे विणकाम दिसले एवढ्यावर ‘निश्चित’ लिहू नये.

पुढच्या फेरीला जाणाऱ्यांनी शाईऐवजी पेन्सिल घ्यावी, दवाने ओल्या झालेल्या कागदावरही ती उमटते. मोबाइलवर ईबर्ड या पक्षिनोंदींच्या अ‍ॅपमध्ये विणीचे संकेत भरता येत असले, तरी टप्प्यांचा कागदी नकाशा सोबत असावा. खासगी जमिनीतून रेषा जात असेल, तर परवानगी आदल्या फेरीत मिळाली होती म्हणून गृहीत धरू नये. पक्ष्याला पुढे आणण्यासाठी त्याचा ध्वनिमुद्रित आवाज अजिबात वाजवू नये. नर आपली हद्द राखायला गाणे आणि चारा सोडून धावतो, आणि आपली मोजणीही बिघडते.

टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर समजावे की अंडी किंवा पिल्ले जवळच जमिनीवर आहेत. तिची अंडी दगडगोट्यांत बेमालूम मिसळतात, म्हणून शोधत फिरण्यात ती पायाखाली येण्याचाच धोका अधिक. आम्ही आल्या पावली मागे वळलो, वळसा घेऊन पुढचा टप्पा गाठला आणि नोंदीत तिचे वागणे जसेच्या तसे लिहिले.

दोन्ही रेषांना मिळून सुमारे दीड तास लागला. त्याच संध्याकाळी कागदावरची खूणचिन्हे उलगडून नोंदी भरल्या. ‘निश्चित’च्या रकान्यात चारच जाती आल्या, आणि घरट्यांच्या नेमक्या जागा आम्ही समन्वयकाखेरीज कोणाला कळवलेल्या नाहीत.