दादा, दाबू का?

चवथीची सुट्टी संपली आणि म्हापशातल्या एका पतसंस्थेचा नवा रॅक, म्हणजे सर्व्हर आणि नेटवर्कच्या यंत्रांचं कपाट, चालू करायला गेलो. रॅक सुट्टीआधीच भरून ठेवला होता. जड म्हणून यूपीएस आणि बॅटऱ्या तळाला, मध्ये सर्व्हर आणि नास (फायली साठवणारी पेटी), वर फायरवॉल (नेटवर्कचा पहारेकरी) आणि नेटवर्कच्या केबल जोडणारा स्विच. फक्त वीज द्यायची बाकी होती. माझ्यासोबत डिचोलीहून आलेला पोरगा कामाला नवा, बोट बटणावर ठेवूनच उभा. "दादा, दाबू का?"

"आधी मीटर काढ."

सॉकेटवर फेज-न्यूट्रल 228 व्होल्ट. छान. न्यूट्रल-अर्थ? एक-दोन व्होल्ट असावेत, तिथे 92! अर्थिंग तुटलेलं असलं की हे असंच होतं. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ असे दोन बारके कपॅसिटर असतात. अर्थ जमिनीला पोचत नसला की पेट्यांचं लोखंड त्या दोघांच्या मधोमध लोंबकळतं, म्हणजे सप्लायच्या साधारण निम्म्यावर. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "म्हणूनच मी चपला काढत नाही हो भाऊ. सीपीयूला हात लागला की झिणझिण्या येतात." किती दिवस? "झालं असेल वर्ष."

वर्षभर कोणी विचारलं नाही!

इमारतीच्या मागे माडाखाली अर्थिंगचा खड्डा. मे महिन्यात आपला जांभा कोरडा ठणठणीत पडतो, तेव्हा खड्ड्यात घागरभर पाणी ओतायचं हे आम्हाला पाठ. इथे तर खड्डा पावसाने भरलेला. खोट पट्टीत होती. बोल्टापाशी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, पट्टी गंजून पार तुटली होती. खड्ड्यात घातलेलं मीठ ओलावा धरतं, तसं लोखंडही खातं. संस्थेच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने मेन बंद करून नवी पट्टी जोडली. दोन तास गेले.

त्यात एक गंमत झाली. "मशिन्स गार राहू देत" म्हणून मॅनेजरसाहेबांनी रात्रभर एसी 16 वर ठेवला होता. मेन गेली, एसी बंद, वर दार सताड उघडं. बाहेरची दमट हवा आत शिरली आणि स्विचच्या पत्र्याला फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा घाम फुटला. बाहेर पाणी दिसतंय म्हणजे आत बोर्डवरही असणार, त्यावर वीज सोडायची नाही. दार लावलं, एसी 25 वर, तासभर गप्प. साहेब चारदा डोकावून गेले.

मग सुरुवात. पीडीयूची, म्हणजे रॅकमधल्या सॉकेटांच्या पट्टीची, सगळी बटणं बंद. यूपीएस एकटा चालू केला, आउटपुट मोजलं. आमच्या स्विचला स्वतःचं बटण नाही, केबल लावली की झाला चालू. म्हणून केबल आधी घट्ट बसवायची, बटण नंतर. दोन सप्लायवाल्या सर्व्हरच्या केबल दोन वेगळ्या पीडीयूत. आणि एका वेळी एकच यंत्र. रिकामे कपॅसिटर भरताना काही मिलिसेकंद नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतात. सगळी बटणं एकदम दाबली तर एमसीबी पडायला निमित्तच. आधी फायरवॉल, मग स्विच, मग नास, ती पूर्ण उठल्यावर सर्व्हर. वाय-फाय आणि कॅमेरे शेवटी, कारण ते स्विचच्या पीओईवर, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर, जगतात: 24 पोर्ट, प्रत्येकी 15.4 वॅट धरले तरी 370 वॅटचा बोजा.

पंखे विमानासारखे ओरडले, मग शांत झाले. स्विचला कन्सोल केबल लावून (यंत्राशी लॅपटॉपवरून थेट बोलायची केबल) 9600 च्या वेगाने अक्षरं सरकताना बघत बसलो. स्विचचा दिवा पिवळाच. "दादा, अडकला वाटतं. काढून परत लावू?"

"हात मागे!"

जरा जास्तच ओरडलो. काही वर्षांपूर्वी मीच असा तिसऱ्या मिनिटाला प्लग ओढला होता. आत फर्मवेअर, म्हणजे यंत्राचं स्वतःचं सॉफ्टवेअर, बदलत होतं. सकाळ उजाडेपर्यंत कन्सोलवरून ते पुन्हा भरत बसलो, घरी काय सांगितलं ते इथे नको.

पाचव्या मिनिटाला दिवा हिरवा. कॉन्फिगरेशन सेव्ह केलं (हे विसरणारे मी भरपूर पाहिलेत), एक सप्लाय ओढून सर्व्हर चालू राहतो का पाहिलं, राहिला. न्यूट्रल-अर्थ पुन्हा मोजलं: 1.2.

निघताना काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, आता लावा सीपीयूला हात. त्यांनी बोटाची मागची बाजू हळूच टेकवली, परत टेकवली. "नाही येत हो झिणझिण्या."

चपला मात्र काढल्या नाहीत.