दोन लायनी, एक हॅश: लातूरच्या हॉस्टेलचं काम कुठवर आलं

हॉस्टेलवरच्या मायक्रोटिक राउटरवर दोन इंटरनेट लायनींत ट्रॅफिक वाटायचं काम आता बऱ्यापैकी जमलंय. एक लाईन १०० एमबीपीएसची, दुसरी ५० ची, ऑपरेटर वेगवेगळे. त्यामुळे पॅकेटागणिक वाटणी बादच. नॅटनंतर, म्हणजे राउटरने आतला पत्ता काढून लाईनचा पत्ता लावला की, दोन्हीकडचे पत्ते वेगळे. एकाच कनेक्शनची पॅकेटं दोन पत्त्यांवरून गेली की समोरचा सर्व्हर ओळखच देत नाही. म्हणून पीसीसी (पर कनेक्शन क्लासिफायर), म्हणजे अख्खं कनेक्शन एकाच लाईनवर टाकणारी वाटणी.

पीसीसी पॅकेटच्या हेडरमधली आपण सांगू ती फील्ड (पत्ते, पोर्ट) घेतं, त्यांचा ३२ बिटांचा आकडा, म्हणजे हॅश, करतं, त्याला भागतं आणि बाकी बघतं. लायनी २:१ च्या, म्हणून भाजक ३. बाकी ० किंवा १ आली तर मोठी लाईन, २ आली तर धाकटी.

फील्ड कोणती द्यायची, सगळा खेळ तिथे आहे. नुसता डेस्टिनेशन ॲड्रेस, म्हणजे समोरच्या सर्व्हरचा पत्ता, दिला तर इथे वाट लागते. रात्री जेवणं झाली की सगळी पोरं एकाच क्लासचं लेक्चर लावतात. पत्ता तोच, हॅश तोच. टॉर्च (राउटरमधलं ट्रॅफिक बघायचं साधन) लावून बघा, एक लाईन कोंबलेली आणि दुसरीवर कुत्रं फिरकत नाही. पोर्टही हॅशमध्ये घेतले तर ग्राफ देखणा येतो, जवळजवळ २:१. पण एकाच पोराची कनेक्शनं दोन्ही लायनींवर पांगतात आणि परीक्षा फॉर्मच्या पेमेंटला सेशन उडतं, कारण मधेच त्याचा आयपी बदललेला असतो. फी कापली गेली की नाही, हे विचारायला मग सगळे माझ्याच दारात.

म्हणून सध्या नुसता सोर्स ॲड्रेस, म्हणजे पोराच्या मशीनचा पत्ता. एक पोरगं, एक लाईन. ग्राफ ओबडधोबड दिसतो, दिसू दे. हॅश म्हणजे पंगतीतला वाढपी नव्हे, कुणाच्या ताटात किती पडलंय ते तो बघत नाही. दोन दांडगे डाउनलोडवाले धाकट्या लाईनवर आले तर आले. त्यांना क्यू (वेगाची मर्यादा) लावून आवरायचं. आणि एका डाउनलोडला १५० मिळतील ही आशा सोडा, एक कनेक्शन एकाच लाईनवरून जातं.

करणाऱ्यांसाठी: फास्टट्रॅक (पॅकेटांचा शॉर्टकट) बंद करा, नाहीतर पॅकेटं मँगलला, म्हणजे लाईनची खूण (मार्क) लावणाऱ्या नियमांना, वळसा घालून जातात. राउटरओएस ७ वर (मायक्रोटिकची सिस्टिम) प्रत्येक लाईनचं रूटिंग टेबल आधी बनवून ठेवा. लाईन चालू आहे का हे बघायला नुसत्या गेटवेच्या (ऑपरेटरकडच्या पहिल्या टप्प्याच्या) पिंगवर विसंबू नका. रस्त्याच्या खोदकामात फायबर पुढे कुठेतरी तुटतं आणि गेटवे खुशाल उत्तर देत राहतो. मी प्रत्येक लाईनमधून बाहेरचा वेगळा पत्ता तपासणारे रिकर्सिव्ह रूट टाकलेत.

एक दुखणं बाकी आहे. मोठी लाईन पडून परत आली की मधल्या काळातली कनेक्शनं मार्कप्रमाणे तिच्यावर परततात, पण त्यांचं नॅट धाकटीच्या पत्त्याचं असतं, मग ती लटकतात. आता नेटवॉचच्या (पत्ता उत्तर देतो का ते बघत राहणारं साधन) स्क्रिप्टमधून, लाईन परत येताच तेवढीच कनेक्शनं उडवून बघतोय. सगळं कनेक्शन टेबल साफ करणं सोपं आहे, पण चालू लेक्चर तुटलं की पोरं खवळतात.