तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रायडंट सोडून झेड का घेतली?

आपण कुठल्याही बाइक ट्रिपला चहाला थांबलो की तुमच्यापैकी कोणीतरी विचारतंच. "ट्रायडंट एवढी आवडली होती, चार वेळा चालवून आलीस, मग घेतली झेडच? तीही ट्रॅक्शन कंट्रोल नसलेली? एकदा पडून झाल्यावर?" शेवटचा प्रश्न कोणी तोंडाने विचारतं, कोणी नुसतं माझ्या डाव्या पायाकडे बघतं. (ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे रेस जास्त झाली की मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा.) मी आजवर पैशांचं कारण दिलं, हप्त्याचं दिलं, सर्व्हिस सेंटर जवळ पडतं हेही सांगितलं. यातलं खोटं काहीच नव्हतं, पण खरं कारणही नव्हतं. ते आज सांगते.

आकडे तुम्हाला पाठ आहेत, म्हणून भराभर उरकते. २०२१ च्या एप्रिलमध्ये ट्रायम्फने ट्रायडंट ६६० आपल्याकडे ६ लाख ९५ हजार एक्स-शोरूमला आणली. कावासाकीची झेड ६५० त्याहून बरीच स्वस्त होती. ताकद ८१ पीएस विरुद्ध ६८. टॉर्क, म्हणजे इंजिनाच्या ओढीचा जोर, दोन्हीकडे ६४ न्यूटन मीटर, पण ट्रायडंटचा नव्वद टक्के टॉर्क ३,६०० आरपीएमपासूनच, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच, हाताशी. ती तीन सिलिंडरची ओढ मी अजून विसरलेले नाही. पुण्यात पौड रोडच्या गर्दीत तिसऱ्या गिअरमध्ये रांगत होते, जरा रेस दिली आणि गाडी न हिसकता, न गुरगुरता निघाली. झेडचं दोन सिलिंडरचं इंजिन तेवढ्या कमी वेगात थरथरतं आणि पुढचा धक्के झेलणारा साधा फोर्क खड्डे मोजून दाखवतो. पावसासाठीचा रेन मोड, ट्रॅक्शन कंट्रोल, शोवा कंपनीचे उलटे फोर्क, सगळं ट्रायडंटकडे होतं. किंमत सोडली तर माझ्या कामाचा एकच आकडा झेडच्या बाजूने होता. तिच्या सीटची उंची ७९० मिलिमीटर, ट्रायडंटची ८०५.

पंधरा मिलिमीटर.

"वजन झेपलं नसेल" असं म्हणणाऱ्यांसाठी: तेव्हाची झेड ट्रायडंटपेक्षा किलो-दोन किलो जडच होती. हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ऐकूनच डोकं फिरतं. पाच फूट तीन इंचांच्या बाईने हलकी गाडी घेतली असणार, हे सगळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

पंधरा मिलिमीटरचं कारण सांगायचं तर २०१९ च्या जुलैपर्यंत मागे जावं लागेल.

आम्ही सहा जण ताम्हिणी घाटातून माणगावपर्यंत जाऊन परत येत होतो. माझी तेव्हाची गाडी २०० सीसीची. सकाळपासून पाऊस थांबला नव्हता आणि हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरत होती. मी शेवटून दुसरी होते. घाट चढायला लागल्यावर माझ्या मागचाही पुढे गेला, जाताना शेजारी येऊन "थांबू का तुझ्यासाठी?" म्हणाला. त्याने काळजीनेच विचारलं असेल. मला ते लागलं.

पुढे डावीकडे वळणारं, चढाचं, बंद वळण होतं. डोंगरावरून लाल माती वाहून रस्त्यावर पसरली होती. ती मला दिसली. मी आजवर सगळ्यांना सांगत आले की वळणावर गुरं आडवी आली, मी पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी स्लिप झाली. घरी सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, तुम्हालाही सांगितलं. गुरं नव्हती. पुढच्याचा लाल दिवा धुक्यात दिसेनासा होत होता आणि तो गाठायचा म्हणून मी गाडी झुकलेली असताना, माती दिसत असताना, रेस पिळली. मागचं चाक बाहेर सरकलं आणि पुढच्या क्षणी मी रस्त्यावर होते.

डावा पाय गाडीखाली गिअर लिव्हरपाशी अडकला. इंजिन चालूच होतं. मागचं चाक हवेत फिरत होतं आणि माझ्या पाठीवर चिखल उडवत होतं. इंजिन बंद करायचा किल स्विच उजव्या हँडलवर, म्हणजे वरच्या बाजूला. हात पोचेना. पेट्रोलचा वास यायला लागला. मी ओरडत होते, पण पावसात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. किती वेळ गेला माहीत नाही. लावणीला निघालेल्या दोन बायका डोक्यावर प्लास्टिक घेऊन येत होत्या, त्यांनी पाहिलं. एकीने धावत येऊन सीट धरली, पण गाडी हलेना. दुसरी रस्त्यात उभी राहून दोन्ही हात हलवत राहिली, तेव्हा एक टेम्पो थांबला. टेम्पोवाल्याने आधी चावी फिरवली आणि म्हणाला, "ताई, पाय हलवू नका." त्या तिघांनी मिळून गाडी उचलली. माझ्यासोबतचे पाच जण पंधरा-वीस मिनिटांनी परत फिरले. त्या बायकांची नावं विचारायची राहिली, ते अजून मनात सलतं.

घोट्यात प्लेट आणि स्क्रू बसले. हाड जुळलं, चालता येतं, पळता येतं. पण डाव्या पायाच्या चवड्यावर शरीराचा भार घेतला की पाय थरथरतो. आणि सिग्नलला थांबताना आपण टेकतो तो डावाच, कारण उजवा मागच्या ब्रेकवर असतो.

ट्रायडंटच्या चौथ्या टेस्ट राइडला उतरत्या कडेच्या रस्त्यावर थांबले. डावीकडे जमीन जरा खाली होती. चवडा टेकला, टाच अधांतरी, आणि १८९ किलो हळूहळू माझ्याकडे झुकायला लागले. सावरली मी. गाडी पडली नाही. पण शोरूमला परत येईपर्यंत कानात ते हवेत फिरणारं चाक होतं. पुढच्या आठवड्यात झेडचं बुकिंग केलं.

हे आधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "मग मोठी गाडी घेतेस कशाला?" या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही.

राहिलं ट्रॅक्शन कंट्रोल. "ब्रेकवर पडले, तिथे त्याचा काय उपयोग" हा माझा नेहमीचा मुद्दा, आणि गुरंच नव्हती म्हटल्यावर तो गेला. मागचं चाक जास्तीच्या रेसने फिरून सुटलं, तर तेच रोखायला ट्रॅक्शन कंट्रोल असतं. मग मी दुसरा मुद्दा धरला: २०२१ ची ट्रायडंट दोन चाकांच्या वेगातला फरक मोजायची, गाडी किती झुकलीय हे तिला कळत नव्हतं, त्या मातीवर तिनेही मला वाचवलं नसतं. हे मी खूप दिवस मनाशी घोकलं. कदाचित ते बरोबरही असेल. पण २०२५ च्या ट्रायडंटमध्ये झुकाव ओळखणारा सेन्सर आला, आणि आता तर झेडलाही ट्रॅक्शन कंट्रोल मिळतं. मी भांडत होते ती गाडीच आता शोरूममध्ये नाही.

आणि जाड सोलचे बूट? पंधरा मिलिमीटर त्यात सहज भरून निघतात, हे मैत्रिणीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते बूट घेतले. रोज घालते. झेडवर माझी टाच पूर्ण टेकते. ट्रायडंटवर ते घालून एकदाही बसून पाहिलं नाही. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. तेव्हा वाटायचं, बसले आणि पाय टेकला तर झेडचं बुकिंग रद्द करावं लागेल, आणि नाही टेकला तर पुन्हा तेच चाक ऐकू येईल.

मध्यंतरी त्या २०२५ च्या ट्रायडंटची माहिती वाचत होते. सीट तिचीही ८०५ च होती.